पोळी-भाजी केंद्रातला फळा आणि पाच जणांची टीम

चार माणसांनी मिळून करायच्या कामासाठी तंत्रज्ञान कसं घडवावं, हा विषय मी मुंबईतल्या एका कॉलेजात आयटीच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. ‘कम्प्युटर सपोर्टेड कोऑपरेटिव्ह वर्क’ हे त्याचं नाव, मुलं त्याला नुसतं ‘सीएससीडब्ल्यू’ म्हणतात. सेमिस्टर जुलैत सुरू होतं आणि नोव्हेंबरात संपतं, म्हणजे भर पाऊस, श्रावण, गणपती आणि दिवाळी सगळं मधेच येतं. पाच-पाच जणांच्या टीम करायच्या, प्रत्येक टीमने शहरातली एक कामाची जागा निवडायची, तिथली माणसं एकमेकांना सांभाळून काम कसं करतात ते महिना-दीड महिना बघायचं आणि मग त्यांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी बनवून दाखवायचं, अशी आखणी आहे.

त्यातल्या एका टीमचं हे प्रकरण. पाचही जणांना विचारून आणि नावं गाळून लिहिते आहे. ते लिहावंसं वाटलं, कारण या टीमने केंद्रात जे शोधलं तेच त्यांच्या स्वतःच्या टीममध्ये चाललं होतं. मला मात्र दोन्ही ठिकाणचं उशिरा दिसलं, आणि तोवर सहामाहीचे गुण देऊन झाले होते.

केंद्र

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे पोळी-भाजी केंद्र आहे. पुढे गल्ला, मागे शेगड्या, मधे जेमतेम एक माणूस आडवं होऊन जाईल एवढी वाट. मालकीण म्हणजे ताई, आणि कामाला सहा जणी. सकाळी साडेसहाला तवा तापतो. खरी गर्दी संध्याकाळी सातनंतर होते, ऑफिसातून परतणारी माणसं गाडीतून उतरून घरी जाता जाता पोळ्या घेतात तेव्हा.

गल्ल्यावर ज्या काकू बसतात त्यांच्या आईची लालबागला खाणावळ होती. गिरणगावात घरदार गावी ठेवून एकटे राहणारे कामगार अशा खाणावळींत जेवायचे, आणि त्या चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद झाले, जेवणारे पांगले. काकू आईबरोबर हिशोब ठेवायला शिकल्या त्या तिथे, खडूने, भिंतीवर. मुलांनी हे तिसऱ्या आठवड्यात विचारलं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर बराच वेळ वाचला असता.

गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. ऑर्डर फोनवर येवो, व्हॉट्सअॅपवर येवो की समोर उभं राहून कुणी देवो, ती फळ्यावर चढते. ‘४ पो. २ भा. तिसरा मजला’, ‘१० घ. बँक’ अशी. घ. म्हणजे घडीच्या पोळ्या. आकड्याभोवती गोल म्हणजे पैसे आले. खाली एक रेघ म्हणजे गिऱ्हाईक उशिरा येणार. आकड्यावर टिंब म्हणजे पोळ्या नरम हव्यात, बहुधा घरात कुणी म्हातारं माणूस आहे. फुली म्हणजे तूप लावायचं नाही.

यातली एक गोष्ट मी स्वतः तिथे उभी राहून पाहिली. ऑर्डर गेली की काकू ती ओली फडकी लावून पुसत नाहीत. तळहाताची कड एकदाच, डावीकडून उजवीकडे, अशी फिरवतात की अक्षरं पुसट होतात पण वाचता येतात. त्यावर नवी ऑर्डर लिहितात. रात्री पावणेनऊला फळ्याकडे तिरकं बघत, खालची पुसट अक्षरं वाचत त्या दिवसाचा हिशोब वहीत उतरवतात. तो झाला की मगच फडकं ओलं होतं.

पोळ्या लाटणाऱ्या दोघी फळ्याकडे तोंड करून बसतात. त्यांना कुणी काही सांगावं लागत नाही. मान वर केली की किती राहिल्या ते कळतं. काकू लिहिताना मोठ्याने बोलतातही, ‘बँकेच्या दहा, घडीच्या’, कुणाला उद्देशून नाही, पण शेगडीवरची बाई तेवढ्यात भाजीचा टोप उतरवायचा की ठेवायचा ते ठरवते. क्रिस्टियन हीथ आणि पॉल लफ या संशोधकांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत, बेकरलू लाइनच्या कंट्रोल रूममध्ये नेमकं हेच टिपलं होतं. १९९२ साली त्यांचा अभ्यास छापून आला. गाड्यांचं वेळापत्रक बदलताना कंट्रोलर स्वतःशीच मोठ्याने बोलतो, आणि प्रवाशांना सूचना देणारा शेजारचा माणूस ते कानावर घेऊन आपलं काम सुरू करतो. वर्गात हे वाचताना मुलांना कंटाळा आला होता. दादरला ऐकल्यावर टीममधल्या एकाने मला रात्रीच मेसेज केला, ‘मॅडम, काकू पण तसंच करतात.’

टीम

पाच जण. एक कांदिवलीचा गुजराती मुलगा, कोडिंगमध्ये हुशार. एक माटुंग्याची तमिळ मुलगी, तिचं रेखाटन सुंदर. कुर्ल्याचा एक हिंदी बोलणारा मुलगा. ठाण्याचा एक मराठी मुलगा. आणि डोंबिवलीची एक मराठी मुलगी, जी रोज सकाळी सहा चाळीसच्या सुमाराची गाडी पकडून यायची.

जागा ठरायच्या आधीच त्यांचं अॅप ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला स्क्रीन दाखवले: ऑर्डर आली, ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’, तयार झाली, दिली. महिन्याअखेरीला ताईंना रंगीत तक्ता. मी म्हटलं, तीन आठवडे कुणीही लॅपटॉप उघडायचा नाही, फक्त उभं राहायचं, बघायचं आणि वहीत लिहायचं. त्यांना ते आवडलं नाही.

एक चूक सुरुवातीलाच झाली आणि ती माझीही होती. संमतीपत्रावर सही ताईंची घेतली. सहा कामकरी बायकांना कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या मुलाने मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, तेव्हा लाटणाऱ्या बाईने लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, ‘हे ताईंना ऐकवणार का?’ प्रश्न रास्त होता. मालकाच्या परवानगीने नोकराच्या कामावर नजर ठेवणं याला संशोधन म्हणता येत नाही. डोंबिवलीच्या मुलीने दुसऱ्या दिवशी मराठीत एक पानाचं पत्र लिहून नेलं, प्रत्येकीला वाचून दाखवलं, आणि चार गोष्टी ठरल्या: आवाज टिपायचा नाही, फोटोत तोंडं नकोत, गर्दीच्या वेळी प्रश्न नकोत, आणि शेवटी जे लिहाल ते आधी आम्हाला वाचून दाखवा. शेवटची अट पुढे महत्त्वाची ठरली.

‘बघते’

टिपणं इंग्रजीत लिहिली जायची, कारण पाचांची सामाईक लिखित भाषा तीच होती. चौथ्या आठवड्यात आम्ही ती टिपणं समोर घेऊन बसलो. कांदिवलीच्या मुलाने काकूंच्या उत्तरांचे दोन ढीग केले होते: ऑर्डर घेतली, ऑर्डर नाकारली. ‘घेतली’च्या ढिगात एक वाक्य पुन्हा पुन्हा होतं, त्याचा मूळ मराठी शब्द होता ‘बघते’.

डोंबिवलीची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, बघते म्हणजे हो नाही.’

ठाण्याचा मुलगा म्हणाला, ‘पण “नाही” पण नाही ना.’

दोघांचंही बरोबर होतं. साडेसातला कुणी फोन करून वीस पोळ्या मागितल्या तर काकू ‘बघते’ म्हणतात. तो आकडा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात जातो, मुख्य रांगेत नाही. लाटणारीला कळतं की कणीक उरली तर करायच्या. रोजचं गिऱ्हाईक असेल तर ‘बघते’ म्हणजे जवळजवळ हो, फक्त पाच-दहा मिनिटं मागे-पुढे. नवं गिऱ्हाईक असेल आणि आवाजात घाई असेल तर तोच शब्द सौम्य नकार असतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते समजतं. अशा सैल शब्दामुळेच गर्दीच्या दीड तासात सहा जणींच्या कामाला हातपाय हलवायला जागा मिळते. दोन बटणांच्या स्क्रीनवर काकूंना दर वेळी होय किंवा नाही यातलं एक दाबावं लागलं असतं. होय दाबलं तर लाटणाऱ्यांवर बोजा, नाही दाबलं तर गिऱ्हाईक तुटलं.

आणि ते बटण दाबायला पिठाने माखलेल्या हातांनी फोन धरायचा काकूंनी. रंगीत तक्ता बघायचा ताईंनी. याच विषयातले संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ सालीच हे नेमकं सांगून ठेवलं आहे: असली साधनं फसतात, कारण जास्तीचं काम एकाच्या अंगावर पडतं आणि फायदा दुसऱ्याला होतो. त्यांचं उदाहरण ऑफिसातल्या कॅलेंडरचं होतं. मीटिंग बोलावणाऱ्याची सोय व्हावी म्हणून बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर भरत बसायचं. या विषयाचं नाव १९८४च्या एका कार्यशाळेतून, आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांच्या पुढाकाराने रूढ झालं. म्हणजे विषय जन्मून चार वर्षं होतात न होतात तोच ही अडचण लिहिली गेली. तरी दर वर्षी माझ्या वर्गात नव्या दमाने तेच अॅप जन्माला येतं. मुलांचा यात दोष नाही. त्यांना चार वर्षं बटणंच शिकवली आहेत.

सहामाहीचे गुण

ऑगस्टच्या शेवटी टीममध्ये आपसांत गुण द्यायचे असतात. प्रत्येकाने शंभर गुण बाकी चौघांत वाटायचे. डोंबिवलीच्या मुलीला सगळ्यांत कमी मिळाले. मी सामाईक फाइलचा इतिहास उघडून पाहिला. तिच्या नावावर लिखाण थोडं होतं, कोड शून्य. मला वाटलं, गुण ठीक आहेत. मी तसेच पुढे पाठवले. ती काही बोलली नाही.

चतुर्थीची पहाट

गणपतीच्या दोन दिवस आधी ती घरच्यांबरोबर संगमेश्वरकडे गावी गेली. गौरी-विसर्जनानंतर परत येणार होती. कोकणातल्या घरासाठी यात विचारण्यासारखं काही नसतं.

बाकी चौघांनी ठरवलं की उकडीच्या मोदकांचा दिवस चुकवायचा नाही. चतुर्थीला पहाटे पाचला तिघे जण केंद्रावर पोचले. आधी कुणी फोन केला नव्हता. फोन करणं हे काम आजवर कुणीतरी करत आलं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं. ज्यांच्या घरी गणपती नाही अशा चौघी जणी आत होत्या. त्यातल्या दोघींचा आदल्या दिवशीचा हरतालिकेचा उपास सुटायचा होता, आणि समोर उकड मळणं चाललं होतं. सारण रात्रीच झालं होतं. काकू एवढंच म्हणाल्या, ‘आज नको रे बाळांनो.’ मग तिघांचे चेहरे बघून म्हणाल्या, ‘बरं, हात धुवा आणि डबे भरा.’

त्या दिवशी फळा पुरला नव्हता. शेजारी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा टांगून त्यावर लिहिलं होतं. ११, २१, २१, ११, ५१. मुलं डबे भरत होती, नाव विचारून देत होती. सात वाजता एक गृहस्थ २१ मोदक न्यायला आले. त्यांचा डबा भरून झाला नव्हता. कडेला दुसरा एकवीसचा डबा तयार होता, पुठ्ठ्यावर त्याच्या आकड्याखाली दोन रेघा होत्या. एक रेघ म्हणजे उशिरा, तर दोन म्हणजे अजून उशिरा, असा विचार करून ठाण्याच्या मुलाने तो डबा देऊन टाकला. अर्ध्या तासाने काकूंनी कडेला पाहिलं, काही बोलल्या नाहीत, उरलेल्या उकडीच्या पाऱ्या करायला बसल्या आणि एकवीस मोदक पुन्हा चाळणीवर ठेवले. मुलाने माफी मागितली. ‘राहू दे, होतं,’ म्हणाल्या. टिपणात नोंद झाली: दोन रेघा, फार उशिरा, गिऱ्हाईक साडेनऊपर्यंत आलं नाही.

पुढचा आठवडा टीम विस्कटली. दोघे जण विसर्जनानंतरच्या सुट्टीच्या दिवशी बंद दाराशी जाऊन आले. एकाच बाईची मुलाखत दोघांनी दोनदा घेतली, ती दुसऱ्यांदा वैतागली. माटुंग्याच्या मुलीने सुधारलेल्या स्क्रीनवर जुनी आवृत्ती चढली. चौघांपैकी कुणीही आळशी नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. प्रत्येक जण आपापलं काम करत होता.

डोंबिवलीची मुलगी परत आल्यावर मी पाचही जणांना बसवलं आणि म्हटलं, तुमचा स्वतःचा व्हॉट्सअॅप ग्रुप हाही तुमचा अभ्यासविषय आहे, चालत असेल तर वाचूया. ते तयार झाले. जुलैपासून मागे जात आम्ही वाचत गेलो. ‘उद्या साडेसहा, दादरला पुलाखाली, ताईंशी बोलले आहे.’ ‘मंगळवारी अंगारकी आहे, जाऊ नका, साबुदाण्याची गर्दी असेल.’ ‘तू भाषांतर पाठव, मी तपासते, मग ती चित्र काढेल.’ ‘त्याला ताप आहे, त्याचा भाग मी आणि तू करू.’ दिवसाची सुरुवात जवळजवळ दर वेळी तिच्या मेसेजने व्हायची. कुर्ल्याचा मुलगा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, ‘ही तर आपली गल्ल्यावरची काकू.’

समाजशास्त्रज्ञ अन्सेल्म स्ट्रॉस यांनी या कामाला ‘आर्टिक्युलेशन वर्क’ असं नाव दिलं होतं. मी वर्गात त्याला सांधणीचं काम म्हणते. वेगवेगळ्या माणसांची कामं एकमेकांना लागून राहावीत म्हणून जे करावं लागतं ते. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहून समजावत आले. आणि मी गुण द्यायला उघडलेली फाइल मात्र तीच, जिच्यात सांधणीला रकानाच नाही.

काय बदललं

त्या दिवसापासून टीमच्या डायरीत मी एकच प्रश्न ठेवला. दर शुक्रवारी प्रत्येकाने लिहायचं: या आठवड्यात तू कुणासाठी थांबलास, आणि तुझ्यासाठी कोण थांबलं? उत्तरं दोन-तीन ओळींची यायची. त्यातून जे कळलं ते फाइलच्या इतिहासातून कधीच कळलं नसतं. उदाहरणार्थ, कांदिवलीचा मुलगा रात्री अकरानंतरच कोड चढवायचा, आणि त्यासाठी माटुंग्याची मुलगी जागी राहायची.

डोंबिवलीच्या मुलीचे सहामाहीचे गुण मला बदलता आले नाहीत, ते विद्यापीठाकडे गेले होते. याची बोच आजही आहे. सेमिस्टरच्या शेवटी आपसांतले गुण पुन्हा वाटले तेव्हा तिघांनी तिला वर नेलं. कांदिवलीच्या मुलाने आकडा बदलला नाही. तो मला म्हणाला, ‘मॅडम, तिने खूप केलं, मान्य. पण नोकरीच्या मुलाखतीत मला कोड विचारणार. कोडचे गुण कमी झाले तर मी काय दाखवू?’ मी त्याला चूक म्हणू शकले नाही.

अॅप त्यांनी सोडून दिलं. फळा तसाच राहिला. केंद्राच्या फोनवर व्हॉट्सअॅप बिझनेस घातलं आणि त्यात ठरलेली तीन उत्तरं भरली: ‘पक्कं’, ‘बघते’, ‘आज नाही जमणार’. मधलं उत्तर जसंच्या तसं ठेवलं. रात्री फडकं ओलं करायच्या आधी काकू फळ्याचा एक फोटो ताईंना पाठवतात, आणि तक्ता ज्यांना हवा आहे त्या ताई स्वतः घरी बसून त्यावरून आकडे भरतात. काकूंचं काम एका फोटोने वाढलं, वही उतरवण्याने कमी झालं. पुसट अक्षरं फोटोत नीट उमटावीत म्हणून माटुंग्याच्या मुलीने खूप खटपट केली; शेवटी फळ्यावरचा दिवा एक हात डावीकडे सरकवला आणि प्रश्न सुटला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘एवढंच?’ प्रोटोटाइपचे, म्हणजे बनवून दाखवलेल्या गोष्टीचे, गुण मध्यम मिळाले. माझ्या गुणपत्रकात प्रोटोटाइपला सर्वांत जास्त वजन होतं, तेव्हा त्यांचंही चुकलं नाही. यंदा मी ते वजन कमी करून तितकं डायरीला आणि प्रत्यक्ष जागेवरच्या टिपणांना दिलं आहे. बैठकीत विरोध झाला. डायरीत खोटं लिहिता येतं, असं सहकारी म्हणाले. येतं. पण पाच जणांनी एकमेकांबद्दल एकच खोटं लिहायला आधी एकत्र बसून ठरवावं लागतं.

वाचून दाखवणं

नोव्हेंबरात, दिवाळीच्या फराळाची धामधूम संपल्यावर, आम्ही कबूल केल्याप्रमाणे अहवाल घेऊन केंद्रात गेलो. दुपारी तीनची वेळ, शेगड्या बंद, सहाही जणी पोत्यांवर बसलेल्या. डोंबिवलीच्या मुलीने मराठीतून वाचलं. खुणांचा तक्ता आला तेव्हा लाटणाऱ्या बाई हसल्या, ‘आमचं सगळं लिहिलंय की.’ गोल, रेघ, टिंब, फुली. मग ती वाचू लागली, ‘दोन रेघा, फार उशिरा येणार.’

‘नाही गं,’ काकू म्हणाल्या. ‘दोन रेघा म्हणजे येणारच नाही. त्या मागच्या गल्लीतल्या आजी. चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. घरी जाता जाता आमच्यातली कुणीतरी नेऊन देते.’

ठाण्याचा मुलगा म्हणाला, ‘गणपतीला एकवीस मोदक?’

‘त्यांचेच. दहाच्या आधी पोचवले रे, नैवेद्य चुकला नाही.’

डोंबिवलीच्या मुलीने पिशवीतून आपली जुनी वही काढली. शेवटच्या पानावर जुलैत लिहिलेली खुणांची यादी होती, आणि दोन रेघांपुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं, त्याखाली ‘विचारायचं’. अहवालाचा तक्ता ती गावी असताना बनला होता आणि ही वही कुणी मागितली नव्हती. तिने पेन काढून छापील ओळ खोडली, वर हाताने लिहिलं, ‘घरपोच, आजी’, आणि काकूंना दाखवलं. काकूंनी पान डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाल्या, ‘आता बरोबर.’